जीबीएसनंतरचे हात, मॉड लुईस आणि जलरंग

ओला_कागद

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात लिहू की कला विभागात हे ठरेना, म्हणून इथे गप्पांच्या पानावरच लिहिते.

मी पुण्यातल्या धायरीची. एका पतसंस्थेत काम करते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोमचे) रुग्ण एकाएकी वाढले, ते इथल्या पुणेकरांना आठवत असेल. त्यातलीच मी एक. आधी जुलाब झाले, ते थांबले. मग पायांना मुंग्या, मग जिन्याची पायरी चढवेना, आणि मग फार भराभर सगळं हातातून गेलं. गिळणं, डोळे पूर्ण मिटणं, श्वास. व्हेंटिलेटर लागला, आयव्हीआयजीची (शिरेतून देतात त्या प्रतिपिंडांची) इंजेक्शनं झाली. ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पोटात गेलेल्या जंतूंशी (आमच्या साथीत कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता) लढायला शरीराने उभी केलेली फौज स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. मेंदू शाबूत असतो. सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, हलता मात्र येत नाही.

मला लिहायचंय ते नंतरच्या दिवसांबद्दल. ताकद परत येते ती बहुतेकदा वरून खाली. माझे खांदे आधी आले, मग कोपर. बोटं सगळ्यात शेवटी. घरी आल्यावर व्यायाम म्हणून वाटीतले राजमे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, कपड्यांचे चिमटे दाबायचे, हाताच्या व्यायामाची मऊ पुट्टी मळायची. हे सगळं गरजेचं होतं आणि मी ते केलं. पण प्रत्येक वेळी निकाल एकच: आज काय जमलं नाही. राजमा पडला की पडला.

भाचीची रंगपेटी घरात होती. साधे कॅम्लिनचे केक. एका दुपारी आईला म्हटलं, ब्रश हाताला बांध. व्यायामासाठी दिलेला वेल्क्रोचा पट्टा होता, त्यात तिने ब्रश अडकवला. कागद पाण्याने ओला केला आणि निळ्या रंगात बुडवलेला ब्रश मी नुसता त्यावर टेकवला. रंग पसरत गेला. हात थरथरत होता, पण ओल्या कागदावर थरथर दिसत नाही. रंग आपल्या वाटेने जातो, कडा मऊ होतात, मध्येच पाणी साचून फुलासारखा डाग उमटतो. रुग्णालयात दर दोन तासांनी मला कुशीवर वळवायचे, नळीतून भरवायचे, घशातला कफ ओढून काढायचे. सगळं माझ्यावर केलं जात होतं. हा निळा डाग मी केला होता.

चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शून्य. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेलाही बसले नव्हते. आता रोज काढते. खिडकीचं ग्रिल, शेजारच्यांचा शेवगा, गच्चीवरून दिसणारा सिंहगड आणि त्यावरचा टीव्हीचा मनोरा. पाय अजून लवकर थकतात, तळवे झिणझिणतात. कामावर परत गेले आहे, अर्धा दिवस.

मावसभावाने मध्यंतरी मॉड लुईस या कॅनडातल्या चित्रकर्तीची माहिती पाठवली, तेव्हापासून तिने डोक्यात घर केलंय. लहानपणापासून संधिवात, हनुवटी छातीकडे झुकलेली, बोटं वाकडी. शिक्षण नाही, चित्रं मात्र आयुष्यभर. तिच्याबद्दल किंवा आजारातून चित्राकडे वळलेल्या कुणाहीबद्दल तुम्हाला माहिती असेल, स्वतःचा अनुभव असेल, तर लिहा. मला खरंच वाचायचंय.

---

अबोली_७

ताई, वाचताना गलबलून आलं. त्या निळ्या डागाचा फोटो टाका ना. तो जपून ठेवलाय का?

---

ओला_कागद

आहे, आईने देवघराशेजारी चिकटवलाय. टाकते संध्याकाळी.

---

खाऱ्या_वाऱ्याचा_गाव

मी कॅनडात हॅलिफॅक्सला राहतो, मूळचा रत्नागिरीचा. मॉड लुईसचं घर इथल्या आर्ट गॅलरी ऑफ नोव्हा स्कोशियात आहे. घराची प्रतिकृती नव्हे, प्रत्यक्ष घर! ती १९७० मध्ये गेली, नवरा १९७९ मध्ये. मग रिकाम्या घराची पडझड व्हायला लागली. तिथल्या लोकांनी ते वाचवण्यासाठी धडपड केली, १९८४ मध्ये प्रांताच्या सरकारने ते विकत घेतलं आणि पुढे डागडुजी करून गॅलरीच्या आत उभं केलं.

ते घर बघताना आधी त्याचा आकार अंगावर येतो. एकच खोली, वर झोपायचा माळा. बारा-तेरा फुटांची बाजू. आपल्याकडच्या चाळीतल्या खोलीएवढं. आणि रंगवायचं शिल्लक असं काहीच नाही. दार, खिडकीची काच, जिन्याच्या पायऱ्या, भिंतीचा कागद, शेगडी, केरभरणी, डबे. काचेवर ट्युलिप, दारावर पक्षी आणि फुलपाखरं. वीज नव्हती, नळ नव्हता. उजेड खिडकीतून येईल तेवढाच, म्हणून ती खिडकीपाशी बसून काम करायची.

तिची पद्धत सांगतो, तुम्हाला उपयोगी वाटेल. बोर्डावर आधी पांढऱ्याचा हात द्यायची, त्यावर आकृतीची रेघ मारायची आणि मग रंग थेट भरायचे. रंग एकमेकांत मिसळायचे नाहीत, छटा करायच्या नाहीत, सावल्याही जवळजवळ नाहीतच. विषय तेच ते: बैलांची जोडी, काळ्या मांजरी, बंदरातल्या बोटी, घोडागाडी. बर्फातही झाडांना शरदातली लाल-पिवळी पानं. बोटं वळत नसताना छटा मिसळत बसणं अवघडच. हाताला जे झेपेल त्यातून तिने आपली शैली बांधली, असं मला वाटतं.

---

रोखठोक_कोल्हापूर

माहिती चांगली आहे. पण मॉड लुईसची गोष्ट सांगताना एक गोष्ट नेहमी गुळगुळीत केली जाते, ती म्हणजे तिचं दारिद्र्य. १९३८ मध्ये तिने एव्हरेट लुईस या मासेविक्याशी लग्न केलं. त्याच्याबरोबर दारोदार जाऊन ती हाताने रंगवलेली नाताळची कार्डं विकायची, पंचवीस सेंटला एक. नंतर रस्त्याकडेला पाटी लावून चित्रं विकली, ती दोन-तीन डॉलरला. १९६४-६५ मध्ये एका साप्ताहिकात लेख आला, मग सीबीसी या कॅनडाच्या टीव्ही वाहिनीवर झळकली, निक्सन यांच्या काळात व्हाइट हाऊसने दोन चित्रं मागवली. तरी शेवटपर्यंत एका चित्राला दहा डॉलरच्या वर क्वचितच मिळाले. आणि २०२२ मध्ये तिच्या एका चित्राला लिलावात साडेतीन लाख कॅनेडियन डॉलर आले. ते चित्र मुळात एका हॉटेलवाल्या जोडप्याने एका चित्रकाराकडून चीज सँडविचच्या बदल्यात घेतलेलं होतं.

माझी मोठी बहीण संधिवाताची रुग्ण आहे, म्हणून हे टोचतं. मॉडचा आजार कधी बरा झाला नाही, उलट वाढतच गेला. धुराने भरलेल्या खोलीत रंगांच्या वासात दिवस काढून फुप्फुसंही गेली. आज संधिवातावर मेथोट्रेक्सेटसारखी औषधं आहेत, वेळेवर सुरू केली तर सांधे वाचतात. माझ्या बहिणीला कुणी 'चित्रं काढ, बरं वाटेल' म्हटलं तर मी त्या माणसाला दारातून परत पाठवीन. आधी औषध, आधी पैसा, आधी गरम पाणी. मग चित्र.

---

ओला_कागद

तुमचं म्हणणं मला शब्दशः पटतं. मला आयव्हीआयजी मिळालं नसतं तर मी आज ब्रशच काय, हा धागाही लिहू शकले नसते. मज्जातंतू चित्राने भरून येत नाहीत. ते आपल्या गतीने वाढतात आणि त्याला महिने लागतात. चित्राने मला बरं केलं असं मी कुणालाही सांगत नाही. बरं होण्याच्या लांबलचक काळात मी माणूस म्हणून शिल्लक राहिले, ते चित्रामुळे.

आणि एक. राजमे उचलताना मी थकायच्या आधी कंटाळायचे. चित्र काढताना उलटं व्हायचं. जीबीएसमध्ये अति श्रमाने अशक्तपणा पुन्हा वाढतो, म्हणून माझ्या फिजिओताईंनी घड्याळ लावायला सांगितलं. घड्याळ वाजलं की ब्रश खाली, रंग ओला असला तरी. हे नव्याने सुरू करणाऱ्यांनी कृपया लक्षात ठेवा.

---

हस्तोपचार

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, नागपूरला. धागाकर्तीने घड्याळाचं लिहिलं ते फार महत्त्वाचं. थोडं कामाचं सांगते.

ब्रश जाड हवा. बारीक दांडा पकडायला जास्त जोर लागतो. एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोमचा नळा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्याचा बोटभर तुकडा ब्रशवर चढवा. कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने फळीला चिकटवा, म्हणजे दुसऱ्या हाताला तो धरून ठेवावा लागत नाही. फळीखाली पुस्तकं ठेवून उतार द्या, मान वाकत नाही. पाण्याचा पेला बुडाशी जड असावा, पितळी फुलपात्र उत्तम.

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. तो हात लटकत ठेवून तासन्तास काम करू नका, मध्ये मध्ये टेकवा, उचला, मूठ उघड-मिट करा. केमोच्या काही औषधांनी बोटं बधिर होतात, तेव्हा कटर आणि लिनोकामाची हत्यारं नकोत. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना मातीकाम डॉक्टरांना विचारूनच करा. टर्पेंटाइनचा वास केमोच्या दिवसांत सहन होत नाही, त्यामुळे तैलरंगांपेक्षा जलरंग किंवा पेस्टल बरे.

आणि नातेवाइकांना हात जोडून विनंती: पेशंटचं चित्र दुरुस्त करू नका. 'अगं, इथे जरा सरळ कर' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि त्यानंतर पेशंटने कागद बाजूला सारलेला पाहिलाय.

---

सातारकर_लेक

हस्तोपचार ताई, शेवटच्या परिच्छेदासाठी तुम्हाला मनापासून धन्यवाद.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, प्राथमिक शिक्षक होते. पक्षाघाताने उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस. 'पाणी' म्हणायचं असेल तर तोंडातून भलताच शब्द यायचा, आणि तो भलता आहे हे त्यांना कळायचं. त्यांच्या चेहऱ्यावरची ती चीड बघवत नसे. स्पीच थेरपी चालू होती, आजही आहे.

पाटी-पेन्सिल त्यांनी स्वतः मागितली, बोटाने दाखवून. आम्हाला वाटलं काही लिहायचंय. लिहिता येत नव्हतंच. त्यांनी डाव्या हाताने बैल काढला. वशिंड, शिंगं, गळ्यातली घुंगुरमाळ, पाठीवरची झूल. मग दुसरा बैल. आमच्या आजोबांच्या बैलजोडीतला एक कान फाटका होता, तो फाटका कानही काढला. आईने तो कान ओळखला आणि म्हणाली, "हा तर आपला ढवळ्या!" आप्पा हसले. आजारानंतर पहिल्यांदा.

तेव्हापासून आमच्या घरी बोलणं असंच होतं. ते काढतात, आई ओळखते, मग आई त्या काळातलं बोलायला लागते आणि ते मान हलवत दुरुस्त्या सुचवतात, म्हणजे आणखी काहीतरी काढून दाखवतात. शेतातली विहीर, मोट, गावातली शाळा, पहिली सायकल. आईने मला एवढ्या वर्षांत न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी या पाटीमुळे कळल्या. एकच दुःख: पाटी पुसली की चित्र जातं. आता मी रोज फोटो काढून ठेवते.

---

अबोली_७

सातारकर_लेक, ढवळ्याचा फोटो असेल तर तोही टाका.

---

वरोऱ्याहून

आमच्या भागातलं सांगतो. आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेल्या, पण बोटं झडलेल्या माणसांना मी लहानपणापासून काम करताना बघत आलोय. तिथली हाताने केलेली शुभेच्छापत्रं आमच्या घरी दर दिवाळीला यायची. कुष्ठरोगात हाताची संवेदना जाते. हत्यार घट्ट धरल्याने फोड आला तरी कळत नाही, म्हणून हाताकडे डोळ्यांनी लक्ष ठेवावं लागतं. ती सवय त्या माणसांच्या अंगात मुरलेली असते.

कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार आले, जंतू मरतात, माणूस बरा होतो. पण लोक त्याला बरा झालेला मानत नाहीत. तमिळनाडूत चेंगलपट्टूजवळ भरतपुरम नावाची कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. तिथे २००५ मध्ये वर्नर डॉर्निक हे ऑस्ट्रियन चित्रकार आणि पद्मा वेंकटरमण यांनी बिंदू आर्ट स्कूल सुरू केलं. जन्मात कधी ब्रश न धरलेली म्हातारी माणसं तिथे चित्रं काढू लागली आणि त्या चित्रांची परदेशांत प्रदर्शनं झाली. भीक मागून जगलेल्या माणसाच्या चित्रासमोर कुणीतरी उभं राहून ते मन लावून बघतंय, ही गोष्ट औषधाच्या गोळीत नसते.

---

रोखठोक_कोल्हापूर

@वरोऱ्याहून, हे मान्य. यात पैसा आणि मान दोन्ही चित्र काढणाऱ्याला मिळतो. मॉडच्या बाबतीत माझी तक्रार हीच होती.

---

शांतिनिकेतनी_मराठी

रवींद्रनाथांचा उल्लेख अजून कसा आला नाही? चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांचंही नव्हतं. १९२४ मध्ये पेरूला निघाले असताना बोटीवर आजारी पडले आणि अर्जेंटिनात लेखिका विक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात विश्रांतीसाठी थांबले. त्या काळातल्या 'पूरबी' या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडून त्यांनी पक्षी, चेहरे, विचित्र प्राणी केलेले दिसतात. ओकाम्पोंना त्या खाडाखोडीत चित्रकार दिसला. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं चित्रप्रदर्शन भरलं, त्यामागेही त्याच होत्या. तेव्हा रवींद्रनाथ सत्तरीला टेकले होते. नंतर दोन हजारांवर चित्रं झाली.

१९३७ मध्ये ते एकाएकी बेशुद्ध पडले, जगतात की नाही अशी अवस्था होती. शुद्धीवर आल्यावर त्यांनी रंग-कुंचला मागवून एक निसर्गचित्र काढलं. एवढ्या मोठ्या शब्दप्रभूने मरणाच्या दारातून परत आल्यावर आधी रंग मागवावेत, याचा मी अनेकदा विचार करतो. सातारकर_लेक यांच्या आप्पांबद्दल वाचताना तो विचार पुन्हा आला. जिथून ही माणसं परत येतात तिथलं सांगायला शब्द बहुधा उशिरा पोचतात.

---

आकडेमोड

संशोधनाबद्दल कुणी लिहिलेलं नाही म्हणून थोडं. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये एक अभ्यास झाला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाज यांतलं हवं ते करू दिलं आणि आधी व नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाशी जोडलेलं संप्रेरक) मोजलं. सुमारे तीन चतुर्थांश जणांमध्ये ते कमी झालं. आधी कला शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात लक्षणीय फरक नव्हता, म्हणजे धागाकर्तीसारख्या स्वशिक्षितांना आनंदाची बातमी. मर्यादाही सांगायला हव्यात: माणसं थोडी, निरोगी, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुसतं ४५ मिनिटं शांत बसूनही काही जणांचं कमी झालं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यावरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष एकंदरीत कलेच्या बाजूचा आहे, मात्र अभ्यासांचा दर्जा कमी-जास्त आहे. रोखठोक यांचा 'आधी औषध' हा क्रम त्याने बदलत नाही.

---

मिरजेची_नात

क्षयाच्या काळात तर औषधच नव्हतं. आमचे पणजोबा वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमला होते, स्ट्रेप्टोमायसिन यायच्या आधी. हवा, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती, एवढाच उपचार. पडल्या पडल्या करायचं काय? एड्रियन हिल नावाचे इंग्रज चित्रकार १९३८ मध्ये असेच सॅनेटोरियममध्ये होते. पलंगाशेजारच्या वस्तू काढत त्यांनी दिवस घालवले, मग इतर पेशंटांना शिकवायला लागले. 'आर्ट थेरपी' हे नाव त्यांनीच १९४२ मध्ये रूढ केलं. ते शिकलेले चित्रकार होते, पण त्यांनी ज्यांच्या हातात पेन्सिल दिली त्यांच्यातले बरेच जण नवखेच होते.

---

पुन्हा_उभी

इतके दिवस नुसती वाचत होते, आज खातं काढलं. मीही जीबीएसवालीच, सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गावची. माझी बोटं अजून नीट मिटत नाहीत. घरचे म्हणतात होईल होईल. ओला_कागद ताई, तुम्हाला किती वेळ लागला हे विचारत नाही, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं असं डॉक्टर सांगतात. मला एवढंच विचारायचंय की सुरुवातीला जे कागदावर यायचं ते बघून रडू यायचं का? मला रांगोळी छान यायची. संस्कारभारतीच्या मोठ्या रांगोळ्या घालायचे मी. आता चिमटीतून रांगोळी धार न धरता भसकन पडते.

---

ओला_कागद

पुन्हा_उभी, यायचं. खूप. तुमचं दुःख माझ्याहून मोठं आहे, कारण तुमच्याकडे आधीची कला होती आणि तुम्ही आजची रेघ तिच्याशी ताडून बघता. मला तुलना करायला काही नव्हतं, तो माझा फायदा झाला.

म्हणून सुचवते, सध्या रांगोळीला हात लावू नका. चिमटी हे बोटांचं सगळ्यात नाजूक काम आहे, ते शेवटी येणार. तोवर ज्यात चिमटी लागतच नाही असं काहीतरी घ्या. रुंद चपटा ब्रश, पाऊण इंची, हस्तोपचार ताईंनी सांगितलेला फोम लावून. कागद जाड हवा, ३०० जीएसएमचा, पातळ कागद पाण्याने फुगतो आणि चिडचिड होते. महाग पडतो, म्हणून मी मोठा ताव आणून त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करते. तुकडा लहान असला की थकायच्या आत चित्र पुरं होतं.

नांदेड गाव म्हणजे माझ्यापासून रिक्षाने जवळच. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघा. रविवारी सकाळी मी मोकळी असते. पट्टा, रंग, कागद सगळं घेऊन येते, तुम्ही फक्त जड फुलपात्र काढून ठेवा.

---

पुन्हा_उभी

निरोप मिळाला. पत्ता पाठवलाय. आमचा दुसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही, तुम्हाला चढवेल ना?

---

ओला_कागद

चढेन. मधल्या मजल्यावर एक खुर्ची ठेवायला सांगा.